जाड रेघ, बारीक रेघ आणि मधली मोकळी जागा: टॅटू म्हातारा कसा होतो?

गेल्या महिन्यात माझी भाची मोबाइल पुढे करत म्हणाली, "मावशी, आता तूच सांग, मी ऐकू तरी कुणाचं?" तिला मनगटाच्या आतल्या बाजूला आजीचं नाव काढून घ्यायचं होतं. बांद्र्याच्या एका स्टुडिओत तिला सांगितलं, केसासारखी बारीक रेघ घे, नाजूक दिसेल. ठाण्याचा दुसरा कलाकार म्हणाला, बारीक काढलंस तर दहा वर्षांत नाव शोधावं लागेल, जाडच काढ. मोबाइलवरच्या व्हिडिओंमध्ये तर भांडणच जुंपलेलं. एकीकडे ताज्या टॅटूचा फोटो, शेजारी तोच टॅटू काही वर्षांनंतरचा, आणि त्यावरून जाडवाले आणि बारीकवाले हमरीतुमरीवर आलेले.

तिची आजी म्हणजे माझी आई. आईच्या डाव्या हातावर लहानपणी गावच्या जत्रेत गोंदलेलं तुळशीवृंदावन आहे. त्याला आता पासष्टहून जास्त वर्षं झाली. रेघा हिरवट झाल्यात, फुगल्यात, पण ते वृंदावनच आहे हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतं. भाचीच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला तिथे सापडलं. पण आधी शाईचं कातडीत होतं काय, ते पाहू.

शाई नेमकी जाते कुठे?

मेंदी आणि टॅटू यांतला फरक कळला की निम्मी गोष्ट कळते. आपल्या कातडीचे ढोबळमानाने दोन थर. वरचा पातळ थर सतत झडत असतो आणि साधारण महिन्याभरात नवा होतो. मेंदी याच थरात रंगते, म्हणून दोन-तीन आठवड्यांत ती उतरते. त्याच्या खाली जाड, चिवट थर असतो. त्याला अंतस्त्वचा म्हणतात. रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी याच थरात. हा थर झडत नाही. टॅटूची सुई शाई इथे पोचवते, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल.

सुई म्हटलं की आपल्याला इंजेक्शन आठवतं, पण टॅटूची सुई पोकळ नसते. बारीक सुयांचा जुडगा असतो, शाई त्यांच्या फटींत धरली जाते आणि प्रत्येक टोच्याबरोबर खाली उतरते. जुडग्यात सुया जास्त तर रेघ जाड, एकच सुई तर रेघ केसासारखी. वीजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने १८९१ मध्ये घेतलं. कागदाला भोकं पाडणाऱ्या विजेच्या पेनाचं पेटंट एडिसनने १८७६ मध्ये घेतलं होतं, त्यावरून ते बेतलेलं होतं. आईच्या जत्रेतल्या बाईकडे मशीन नव्हतं, दोऱ्याने बांधलेल्या सुया आणि दिव्याची काजळी होती. तत्त्व मात्र तेच.

खोलीचं गणित नाजूक असतं. सुई उथळ राहिली तर शाई वरच्या थराबरोबर झडून जाते. जास्त खोल गेली तर ती चरबीच्या थरात शिरते आणि रेघेभोवती निळसर ढग पसरतो. याला या व्यवसायात ब्लोआउट म्हणतात. तो काही दिवसांतच दिसतो आणि हा वयाचा दोष नव्हे, हाताचा दोष आहे. व्हिडिओंतले "म्हातारे" टॅटू पाहताना हे लक्षात ठेवावं. त्यातले कित्येक पहिल्या आठवड्यातच बिघडलेले असतात.

खोली तीच, भाडेकरू नवे

शाई आत गेली की शरीराला वाटतं, काहीतरी परकं घुसलं. बाहेरचं काही आलं की ते गिळून टाकणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतात. त्यांना भक्षक पेशी म्हणू. त्या शाईचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग शाई पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. टॅटू दिसतो तो बव्हंशी याच पेशींमधून.

पण पेशी अमर नसतात. मग त्या मेल्यावर टॅटू जात का नाही? फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात याचं उत्तर दिलं. जुनी पेशी मरते, तिची शाई बाहेर पडते आणि शेजारी आलेली नवी पेशी ती पुन्हा गिळते. गिरणगावातल्या चाळीतल्या खोल्या आठवा. आजोबा गेले, काका राहायला आले, मग काकांचा मुलगा आला. कोपऱ्यातलं पितळी पिंप मात्र तिथेच. माणसं बदलली, पिंप हललं नाही.

अगदीच हललं नाही असंही नाही. प्रत्येक पिढीत कुणीतरी ते जरा भिंतीकडे सरकवतं, जरा इकडे ओढतं. शाईचंही तसंच होतं. वर्षानुवर्षांच्या या देवाणघेवाणीत काही कण थोडे सरकतात, काही लसिकेबरोबर, म्हणजे शरीरात फिरणाऱ्या पाणीदार द्रवाबरोबर, वाहून जवळच्या लसिकाग्रंथींत जातात. शिवाय वयाबरोबर कातडी सैल पडते. म्हणून प्रत्येक टॅटू दोन गोष्टी करतो: पसरतो आणि फिका होतो. जाड असो की बारीक, यातून कुणाचीही सुटका नाही.

रांगोळीवर पंखा

आता मूळ भांडणाकडे येऊ. दारात दोन रांगोळ्या काढल्यात असं समजा. एक चिमटीतून सोडलेल्या बारीक रेघांची, खच्चून भरलेली. दुसरी ठळक रेघांची, मध्ये ऐसपैस जागा सोडलेली. कुणीतरी पंखा लावला. दोन्ही विस्कटतील, पण दुसरीतलं कमळ कमळच दिसेल आणि पहिलीचा पांढरा फराटा होईल.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, काही वर्षांत प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंना पाव मिलिमीटर पसरली. मूळची रेघ दोन मिलिमीटरची असेल तर ती अडीचची होईल, डोळ्याला फारसं जाणवणार नाही. पाव मिलिमीटरची रेघ असेल तर ती तिप्पट रुंद होईल. शाई मात्र होती तेवढीच, म्हणजे तीच तिप्पट जागेत वाटली गेली. म्हणून बारीक रेघ फक्त रुंद होत नाही, फिकी पडते आणि राखाडी दिसू लागते. जाडवाल्यांचा मुद्दा इथे शंभर टक्के खरा आहे.

पण हेच गणित पुढे चालवलं तर त्यांचा विसर पडलेला भाग समोर येतो. दोन जाड रेघांमध्ये अर्धा मिलिमीटर जागा असेल तर दोन्हीकडून पाव-पाव सरकून ती बंद होणार. तिथे जाडी काही कामाची नाही, उलट डाग जास्त काळा. दोन बारीक रेघांमध्ये चार मिलिमीटर जागा असेल तर त्या फिक्या होतील, पण वेगळ्या राहतील. सगळं वाचून, लोकांशी बोलून माझं ठाम मत झालं आहे ते हे: टॅटू वाचता येईल की नाही, हे रेघेच्या जाडीपेक्षा रेघांमधल्या मोकळ्या जागेवर जास्त ठरतं.

"जाड ते टिकेल" हे आलं कुठून?

टॅटूवाल्यांमध्ये "बोल्ड विल होल्ड" असं एक वचन आहे. जाड काढाल तर टिकेल. ते अमेरिकी खलाशांच्या टॅटूंच्या परंपरेतलं. नांगर, गुलाब, जहाज, सभोवती जाड काळी कड, आत दोन-तीन गडद रंग. होनोलुलूचे नॉर्मन कॉलिन्स, म्हणजेच सेलर जेरी, या शैलीतलं मोठं नाव. खलाशी उन्हात, खाऱ्या पाण्यात राबणारे, त्यांच्या अंगावर नाजूक काही टिकणारच नव्हतं. बारीक रेघेचं घराणंही नवं नाही. १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन वस्त्यांमधून, त्याआधी तिथल्या तुरुंगांमधून ती आली. तुरुंगात एकच सुई मिळायची, म्हणून एका सुईची कला घडली.

या वचनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, आणि हल्ली ती निसटते. खलाशी शैलीत रेघ जाड असायचीच, पण चित्रही साधं आणि मोठं असायचं. एका नांगरात पंचवीस तपशील कोंबलेले नसायचे. आज कुणी वाघाच्या चेहऱ्यात शंभर केस, त्यात गड, त्यात भगवा, त्यात तारीख असं चार बोटांच्या जागेत जाड रेघेने मागतं. त्याला हे वचन वाचवू शकत नाही.

काळा रंग मात्र खरोखर टिकतो. तो बहुतेक वेळा निव्वळ कार्बन असतो, म्हणजे काजळीच. १९९१ मध्ये आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या ओत्झी या माणसाच्या देहावर ६१ गोंदणखुणा आहेत, जवळपास ५,३०० वर्षांपूर्वीच्या. त्या आजही दिसतात. साध्या रेघा आणि फुल्या, कार्बनच्या.

मग आईचं गोंदण हिरवं का? शाई काळीच आहे. ती खोल असल्याने प्रकाश कातडीतून जाताना विखुरतो आणि निळ्या-हिरव्या छटा जास्त परत येतात. मनगटावरच्या शिरा हिरवट दिसतात, त्यातलाच हा प्रकार.

देवनागरीची स्वतःची अडचण

टॅटूबद्दलचे बहुतेक सल्ले रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. आपली लिपी वेगळी आहे, आणि मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते इथे.

आईचं नाव भागीरथी. एका रविवारी भाचीने स्टुडिओने दिलेल्या मापातच, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर लांबीत, ते जेल पेनने कागदावर लिहिलं. सुरेख दिसलं. मग मी स्केचपेन घेतलं आणि तिच्या रेघांवरून तसंच्या तसं गिरवलं, जणू वीस वर्षं लोटलीत. भ ची डोक्यावरची गाठ शिरोरेषेत बुडाली आणि त्याचा म झाला. थ ची गाठ भरली आणि तो य सारखा दिसायला लागला. कागदावर मागीरयी उमटलं. भाची काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली.

आपल्याकडे भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व ही अक्षरं एका गाठीने, एका फटीने किंवा पोटातल्या एका तिरक्या रेघेने वेगळी होतात. ब चं पोट भरलं की व आणि ब मध्ये काही उरत नाही. अनुस्वार शिरोरेषेला चिकटला की गेला. जोडाक्षरांची अवस्था आणखी वाईट. राजमुद्रा काढून घेणारी कितीतरी मुलं लोकलमध्ये दिसतात. प्रेमाने काढतात, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या अष्टकोनात "प्रतिपच्चंद्र", "वर्धिष्णुर्विश्व" अशी अक्षरं आहेत. च्चं, ष्णु, र्वि, श्व. ती दोन इंचांत बसवली तर आज वाचता येतात, पण पंधरा वर्षांनी फक्त अष्टकोन उरेल. राजमुद्रा हवी असेल तर पाठ किंवा दंड द्या, तिला जागा द्या.

"आई" हे दोन अक्षरी नाव त्या मानाने भाग्यवान. ई च्या वरचा रफार तेवढा शिरोरेषेपासून नीट उचललेला हवा.

ही चाचणी कुणीही घरी करू शकतं. खऱ्या मापात कागदावर काढा, जाड पेनने गिरवा, हात लांब करून डोळे किलकिले करून बघा. वाचता आलं तर ठीक. नाही आलं तर माप वाढवा किंवा मजकूर कमी करा.

"पण मैत्रिणीचा बारीक टॅटू पाच वर्षांनीही छान आहे!"

असू शकतो. दंडाच्या आतल्या बाजूला ऊन लागत नाही, घासलं जात नाही, तिथे चांगल्या हाताने काढलेली बारीक रेघ सुंदर टिकते. तीच रेघ बोटाच्या कडेला काढली तर वर्षभरात तुटक होऊ शकते, कारण हाताच्या तळव्याची आणि बोटांच्या कडांची कातडी जाड असते, भराभर बदलते आणि दिवसभर घासली जाते. अंगठीच्या जागी टॅटू मागणाऱ्या जोडप्यांना चांगले कलाकार हे आधीच सांगतात.

कलाकाराकडे जाल तेव्हा ताजे फोटो बघू नका. ताजा टॅटू सुजलेला असतो, वरच्या थरातही शाई असते, म्हणून तो जास्त गडद आणि रेखीव दिसतो. "बरा झालेला दाखवा, दोन-तीन वर्षांचा असेल तर उत्तम," असं सरळ म्हणा. ज्याच्याकडे तसा एकही फोटो नाही, त्याच्याकडे मी तरी हात देणार नाही.

मग जाड आणि भरीव काळा काढला की निर्धास्त?

नाही. मोठा भाग पूर्ण काळा करताना एकाच जागेवर सुई पुन्हा पुन्हा फिरते. हात जड असेल तर कातडी फाटते, व्रण राहतात आणि काळा रंग ठिगळ्याठिगळ्यांचा दिसतो. शिवाय तीळ त्या काळ्याखाली झाकले जातात. तिळाचा रंग किंवा कडा बदलणं ही त्वचेच्या कर्करोगाची खूण असू शकते, ती दिसणारच नाही. म्हणून तिळावरून टॅटू काढू नये, त्याला वळसा घालावा.

आपल्या सावळ्या कातडीचाही विचार हवा. कातडीला रंग देणारं मेलॅनिन वरच्या थरात असतं आणि शाई त्याच्या खाली. म्हणजे आपण शाई बघतो ती चहाच्या रंगाच्या काचेतून. पिवळा, आकाशी, फिका गुलाबी हे रंग अशा काचेतून मरतात. पांढरा तर व्रणासारखा दिसतो. काळा, गडद लाल, गडद हिरवा खुलतात. इथे ठळकवाल्यांची बाजू भक्कम आहे, पण ती रंगाच्या गडदपणासाठी, रेघेच्या जाडीसाठी नव्हे. सावळ्या कातडीत केलॉइडचं, म्हणजे जखमेची हद्द सोडून वाढणाऱ्या टणक व्रणाचं प्रमाणही जास्त असतं. कान टोचल्यावर कुणाच्या पाळीला गाठ आली असेल तर त्यांनी छाती किंवा खांद्यावर काही काढण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

मुंबईचं ऊन आणि मुंबईचा जुलै

टॅटूचा सगळ्यात मोठा शत्रू ऊन. अतिनील किरण रंगाचे रेणू तोडतात. लाल-पिवळे सेंद्रिय रंग लवकर हरतात, कार्बन चिवट निघतो. टॅक्सी चालवणाऱ्यांच्या उजव्या हातावरचा टॅटू डाव्यापेक्षा लवकर फिका पडला तर नवल नाही, तो हात दिवसभर बाहेर असतो. काच वर केली तरी गाडीच्या बाजूच्या साध्या काचेतून अतिनील किरणांचा एक भाग आत येतोच. जखम पूर्ण भरल्यावर बाहेर पडताना त्यावर सनस्क्रीन लावा किंवा बाही ओढा. भरण्याआधी सनस्क्रीन नको, सुती कापड पुरे.

जखम वरवर भरायला दोन ते चार आठवडे लागतात. त्या काळात गर्दीच्या डब्यात घामट हात घासणं, समुद्रात उतरणं, पोहणं टाळायला हवं. पावसाळ्यात तर घोट्यावर किंवा पोटरीवर काढूच नये, असं माझं म्हणणं आहे. तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो जखमेतून शिरतो, हे महापालिका दर पावसाळ्यात बजावते. ताजा टॅटू ही जखमच आहे. दादरच्या हिंदमाताला तुंबणाऱ्या पाण्यातून तो नेऊ नका.

"बिघडला तर पुन्हा गिरवू, नाहीतर काढून टाकू"

गिरवून शाई घालता येते, काढता येत नाही. फिकी रेघ गडद होते, पण पसरलेली रेघ बारीक होत नाही. झाकायचं म्हटलं तर नवं चित्र जुन्यापेक्षा मोठं आणि गडदच लागतं.

लेसरने काढता येतं. प्रकाशाचे अतिशय छोटे झटके शाईचे कण फोडतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. काळ्या शाईसाठी आणि सावळ्या कातडीसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं लेसर पसंत केलं जातं, कारण मेलॅनिन ते कमी शोषतं. तरीही कातडीवर पांढरे किंवा काळपट डाग राहण्याचा धोका असतो, म्हणून हे काम पार्लरमध्ये नव्हे, त्वचारोगतज्ज्ञांकडेच करावं. बैठका अनेक लागतात आणि दोन बैठकांमध्ये काही आठवडे जातात. इथे बारीकवाल्यांना एक गुण द्यायलाच हवा: बारीक रेघेत शाई कमी, म्हणून ती काढणंही त्या मानाने सोपं. पंजाभर भरीव काळं काढायला निघालात तर मोठा पल्ला आहे.

"म्हातारा झाला तर बिघडलं काय?"

हा प्रश्न भाचीनेच विचारला, आणि तो मला सगळ्यांत प्रामाणिक वाटला. माझ्या चेहऱ्यावर सुरकुत्या येतील तशा टॅटूवरही येऊ देत, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. फिका होणं मला चालतं. पण नाव काढलं आणि ते नाव राहिलं नाही, हे मला चालत नाही. चित्र धूसर झालं तरी चित्र असतं, धूसर झालेलं अक्षर भलतंच अक्षर होऊन बसतं.

आईने आमचं सगळं ऐकलं आणि तिचं नेहमीचं वाक्य म्हणाली, "मेल्यावर सगळं इथंच राहतं. गोंदण तेवढं बरोबर येतं." मग हात पुढे केला.

भाचीने त्यावर ट्रेसिंग पेपर धरून वृंदावन उतरवून घेतलं. चार रेघांचा चौथरा, वर तीन फांद्या, भोवती पाच ठिपके. नाव नाही, गाठ नाही. ठिपक्यांमधलं अंतर ती पट्टीने मोजायला लागली. सहा-सात मिलिमीटर भरलं.

"पट्टी कशाला?" आई म्हणाली. "त्या बाईनं दोन ठिपक्यांच्या मध्ये तांदळाचा दाणा ठेवला होता."